खिशातले हात

सकाळी बायकोने नवी साडी बादलीत भिजवली आणि पाणी जांभळं झालं. कच्च्या रंगाचा तो उग्र वास नाकात शिरला आणि मी पुन्हा कापडाच्या मिलांच्या बमरोलीत, खाडीकाठच्या आमच्या वस्तीच्या मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोहोचलो.

तेव्हा मी एका मिलमध्ये रंग कालवायचो. मिलांचं रंगाचं पाणी खाडीत सोडलं जाई आणि त्याने वस्तीतल्या पोरांच्या अंगावर फोड उठत होते, म्हणून मंडळाने अर्जामागून अर्ज करून प्रदूषण खात्याच्या एका साहेबांना बोलावलं होतं. शेजारच्या सिंधूमावशीने सकाळीच खाडीचं पाणी बाटलीत भरून आणलेलं. साहेबांनी ती जांभळी बाटली उचलून विचारलं, "ये रंग किस मिल का है, कोई बताएगा?"

साहेबांकडे बोट दाखवत मावशी तिच्या अहिराणीत मला म्हणाली, "तू ते रंगखातामा शेस ना भाऊ, सांग ना यास्ले."

तो रंग आदल्या दिवशी मीच कालवला होता. पण नोकरी डोळ्यांसमोर आली. दोन्ही हात खिशात घालून मी म्हणालो, "पाण्यात सगळे रंग सारखेच दिसतात, साहेब."

साहेब निघून गेल्यावर चहा आला. मावशीने कप पुढे केला तेव्हा हात बाहेर काढावाच लागला. माझी जांभळी बोटं तिने पाहिली, मग बाटलीकडे पाहिलं. वाटलं, आता सगळ्यांसमोर ओरडणार.

"घे, थंडा व्हई जाई," एवढंच ती म्हणाली.

तिच्या मांडीवर फोड आलेली नात झोपली होती, आणि मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.