शेवंताची पडलेली मान

आमच्या घरातली सर्वांत देखणी बाई म्हणजे शेवंता, आणि ती घोडी आहे. (हे वाक्य अजून बायकोला वाचून दाखवलेलं नाही.)

कुंभार पिंपळगावात वरातीसाठी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही पांढरीशुभ्र घोडी पाळलीय. बँड कानाशी वाजो की फटाके पायाशी फुटोत, बाई ढिम्म! दोष एकच. येता-जाता जो तो तिला गूळ-हरभरे चारायचा. त्यानं मानेवर चरबी चढली आणि आयाळीच्या भारानं ती मान डावीकडे कलंडली.

अशात बहिणीचं लग्न ठरलं. नवरदेव आपल्याच घोडीवरून मारुतीच्या दर्शनाला जाणार, हे दादांचं जुनं स्वप्न. पण नवरदेवाच्या मामांनी शेवंताला पाहून नाक मुरडलं.

"मान पडलेली घोडी? बिलकुल चालायची न्हाई. आम्ही जाफराबादहून दुसरी आणतो."

"परक्याची घोडी माझ्या दारात आली, तर मी मांडवात येणार न्हाई!" दादा कडाडले.

पोरीच्या लग्नात बापच नाही? बहीण रडायलाच लागली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मामा, लग्नापर्यंत मान सावरून दाखवतो!" (मला कुणी विचारलं नव्हतं.)

जनावरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. "गूळ-हरभरे बंद. रोज चालवा. आयाळ विरळ करून उजवीकडं वेण्या घाला अन् वेण्यांना थोडं वजन बांधा. भार दुसऱ्या अंगाला गेला की मान सावरंल. पण चरबी झटक्यात उतरत न्हाई, बरं का!"

आई रोज पहाटे वेण्या घालायची. काय त्या वेण्या! शेवंताही डोळे मिटून उभी राहायची. वजनाचं काम माझ्याकडे होतं.

"पुरचुंड्यांत वाळू भर," आई म्हणाली.

वाळू कोण चाळत बसणार? घोडीचे बंद झालेले हरभरे घरात पडूनच होते. मी तेच भरले. (गूळही पडून होता. तो वाया जाऊ नये म्हणून मी संपवत होतो.)

लग्नाच्या दिवसापर्यंत आयाळ उजवीकडे छान वळली, मान बऱ्यापैकी सावरली. आई म्हणाली, "आता सोड त्या पुरचुंड्या."

"राहू दे! मारुतीपर्यंत जाताना आयाळ परत फिरली तर?" असं म्हणून मी पुरचुंड्यांना जरीची किनार लावून दिली.

नेमका त्या दिवशी आठवडी बाजार होता. वरात बकऱ्यांच्या बाजाराजवळ आली. एका शेळीनं मान उंचावून वास घेतला, पुरचुंडी ओढली आणि हरभरे रस्ताभर सांडले! मंग काय, दावी तोडून सगळा बाजार वरातीत शिरला!

"अहो, बकऱ्या हाकला की!" नवरदेव ओरडला.

"पावणं, घाबरू नका!" मी ओरडलो आणि एका बोकडाच्या ढुशीनं खाली बसलो.

बँडवाले पळाले. मामा चहाच्या टपरीच्या बाकड्यावर चढले. एका शेळीनं पुढचे पाय थेट शेवंताच्या खांद्यावर ठेवले. मी डोळेच मिटले. आता घोडी उधळणार, नवरदेव पडणार, लग्न मोडणार!

शेवंता उधळली नाही. शेळीनं पुरचुंडी फस्त करेपर्यंत ती थांबली. मग खाली बघत, एकाही करडावर खूर पडू न देता, एकेक पाऊल टाकत तिनं नवरदेवाला मारुतीच्या पारापर्यंत नेलं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

मामा बाकड्यावरून उतरले आणि आधी शेवंताच्या पाया पडले. "मी नुसती मान बघत बसलो, दादा. घोडी आज बघितली!" दादा मांडवात सगळ्यांच्या पुढे होते.

निघताना मामांनी शेवंताच्या मानेवरून हात फिरवला, मग माझ्या. "आता याचेबी गूळ-हरभरे बंद करा," ते आईला म्हणाले.

तेव्हापासून आई आम्हा दोघांनाही रोज चालायला पाठवते. गावातले लोक दादांना विचारतात, "कोण कुणाला फिरवून राह्यलं?"

"शेवंता त्याला फिरवते," दादा सांगतात. "ती वाटंत गुळाच्या दुकानापाशी थांबत न्हाई."