भाट्यावरची दुपार

आमच्या नाक्यावरच्या त्या रिक्षावाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो आरशात बघून बोलतो, तेही मोजकं. ‘दोन मिनिटं थांबता का?’ म्हटलं तर ‘दुसरी बघा’ म्हणून निघून जातो.

यवतमाळची मावशी आली होती. सत्तर वर्षांत तिनं समुद्र पाहिला नव्हता. संध्याकाळी तिची परतीची गाडी, म्हणून रत्नागिरी दाखवायला दिवसभरासाठी त्याचीच रिक्षा ठरवली. थिबा राजवाड्याच्या फाटकाशी तो म्हणाला, “सोमवारी बंद असतो.”

“मग आधी सांगायचं ना.”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

किल्ल्याच्या पायऱ्या पाहून मावशीनं वरच्या देवळातल्या देवीला खालूनच हात जोडले. पुढे रस्त्याच्या कामात तासभर उन्हात अडकलो. भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचेपर्यंत ती मान टाकून गाढ झोपली होती.

मी तिला हलवायला गेले, तर त्यानं हात आडवा धरला. “झोपूं देत. दमल्यात त्या.”

समुद्राकडून तिरपं ऊन आत येत होतं, थेट तिच्या तोंडावर. तो उतरला आणि उन्हाकडे पाठ करून तिच्या बाजूला उभा राहिला. मी मागे टेकून बसले. माझंही अंग मोडून आलं होतं. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला, तरी तो हलला नाही.

पाऊण तासानं मावशी जागी झाली. ओशाळून म्हणाली, “लय वेळ झाला का जी?”

“नाय आजी, आत्ताच आलो,” म्हणत तो बाजूला झाला, आणि तिच्यासमोर समुद्र होता.