यमाईला आई दिसावी म्हणून

तिसऱ्या केमोनंतर आईच्या रक्ताचा रिपोर्ट बरा आला. डॉक्टर म्हणाले, प्रवास चालेल, पण गर्दी आणि फार चढण टाळा. त्याच संध्याकाळी तिने औंधच्या यमाईसाठी आणलेला खण पिशवीत भरला. हे तिच्या मनात कधीपासून होतं, मला माहीत नाही. केमोचं सलाइन लागलं की मी वॉर्डबाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसते.

आष्ट्याहून सकाळी सहाला निघालो. कराड, मसूर, पुसेसावळी, औंध. थांबत थांबत तीन तास लागले. वाटेत उसाचे ट्रॅक्टर आडवे येतात, घाई करू नका. सोबत असा रुग्ण असेल तर मंगळवार-शुक्रवार टाळा, उकळलेलं पाणी आणि घरचं जेवण न्या. आम्ही मुगाची खिचडी नेली होती.

"पत्र्याचा डबा चाटल्यागत लागतंय," आई म्हणाली, आणि तरी तिने ती संपवली.

गाडी डोंगरावर बरीच वर जाते. पुढे पायऱ्या. थोड्या चढून आई खाली बसली, तिला पुढे जाववेना.

"वरून व्हिडिओ कॉल करते. दर्शन होईल," मी म्हटलं.

"मला तिला बघायचं न्हाई गं. ल्हानपणापासनं बघितलीय. तिनं मला बघाय पायजे, आत्ता हाय अशी. फोनात मी कुठली दिसणार तिला?"

मी जमीन मोजणीचं काम करते. एका ठिकाणाहून दुसरं दिसतं की नाही, एवढं सांगू शकते. वर जाऊन ओटी भरली. मग देवळाच्या तटाच्या दारात उभी राहून आईला साधा फोन लावला.

"दोन पायऱ्या खाली ये. आता डाव्या कडेला सरक."

झाडाआडून हिरवी साडी बाहेर आली.

"आता दिसतेस. गाभाऱ्यातून नाही, दारातून."

"चालंल. ती काय दिवसभर आतच बसती व्हय?"

तिने मास्क काढला, डोक्याचा रुमाल सोडला. तिचं केस गेलेलं डोकं मी घरातही पाहिलं नव्हतं. ती हात जोडून पुटपुटायला लागली तेव्हा मी फोन बंद केला. ते माझ्यासाठी नव्हतं. असतं तर, असं मात्र वाटलं.

परवा सांगलीत चौथी केमो झाली. सलाइन लागलं, मी लॅपटॉप घेऊन उठले.

"कुठं निघालीस?"

"बाहेर. बाकावर."

"तिथनं दिसतीय व्हय मी?"

मी हे कधी तपासलंच नव्हतं. बाहेर जाऊन बाकावर बसून पाहिलं. दिसत नव्हती. आत आले आणि खुर्ची तिच्या समोर ओढून घेतली.