फक्कीचा हॉल

ओळंबाकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या खोलीच्या मधोमध उताणे पडले होते. हात अंगालगत ताठ, डोळे छताला लागलेले, छातीवर मापाची टेप. मी विद्यापीठात टेबल टेनिस शिकवतो. असला चेहरा मी फक्त हरलेल्या संघाचा पाहिला होता. मी किंचाळलो. शिपाई धावला, शिपायामागे अख्खं ग्रंथालय धावलं, कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. शोकसभेतलं माझं भाषण मी मनातल्या मनात निम्म्यावर आणलं होतं (सुरुवात झकास जमली होती), तेवढ्यात मृतदेह बोलला, “मास्तर, तुमचा पंखा मध्यावर नाही. चार बोटं दाराकडे सरकलाय.”

आणि कपडे झटकून निघून गेला. रुग्णवाहिका आलीच होती, म्हणून मी तिच्यात बसून रक्तदाब तपासून घेतला.

काका विद्यापीठाच्या बांधकाम विभागात ड्राफ्ट्समन होते. उंच, बारीक आणि गवंड्याच्या ओळंब्यासारखे सरळ. वरून कुणी दोरीला धरून सोडलंय असे चालायचे. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते नवरीकडे बघत नाहीत, मागच्या वाकड्या खिडकीकडे बघताहेत. काकू तो फोटो पाहुण्यांना पुरावा म्हणून दाखवायच्या.

एकतीस वर्षांत काकांनी काढलेले नकाशे म्हणजे सायकल स्टँड, कुंपणाच्या भिंती, पाण्याच्या टाक्या आणि सतरा मुताऱ्या. विद्यापीठात ज्याला घाई झाली, तो काकांच्या वास्तूत गेला. पण जिच्यासमोर उभं राहून फोटो काढावा अशी एकही वास्तू त्यांच्या नावावर नव्हती. निवृत्तीला सहा महिने उरले आणि खेळाडूंच्या सरावासाठी इनडोअर हॉल बांधायचं काम त्यांच्या टेबलावर आलं. त्या दिवशी ते काकूंना म्हणाले, “एक तरी इमारत अशी होऊ दे, की नातीला दाखवताना नाक धरायला लागणार नाही.”

मग महिनाभर त्यांनी माझा पिच्छा पुरवला.

“मास्तर, शटल किती उंच जातं?”

“नऊ मीटर धरा.”

“धरायचं नसतं. मोजायचं असतं.”

मोजायला त्यांनी आपला मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा, आणला. मेहुणा गोल आणि झोपाळू. त्याने जीव खाऊन मारलेलं शटल पाठीमागे गेलं. मागे किती गेलं, तेही काकांनी टिपून घेतलं.

नकाशा मात्र देखणा झाला. बॅडमिंटनची चार कोर्टं, कडेला क्रिकेटच्या जाळ्या, लाकडी जमीन, मध्ये एकही खांब नाही, आणि ऊन डोळ्यात येऊ नये म्हणून खिडक्या उत्तरेला, उंचावर. अडचण एकच होती. मंजुरी देणार होती समिती, आणि समितीला नकाशा कळत नसे. मागे वाचनालयाच्या जिन्याचा कागद तिने उलटा धरून मंजूर केला होता, आणि तो जिना अजून कुठेच जात नाही.

म्हणून काकांनी ठरवलं, या वेळी कागद दाखवायचाच नाही. वसतिगृहामागच्या मोकळ्या जागेवर त्यांनी मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीने अख्खा हॉल खऱ्या मापाने काढला. भिंती, दार, कोर्टं, कपडे बदलायच्या खोल्या, सगळं. छत म्हणून नऊ मीटर दोरीला गॅसचे लाल फुगे बांधले. चार कोपऱ्यांवर खांब हवे होते; तिथे काकू, मेहुणा, काकांच्या सासूबाई आणि मी.

“यांच्या घरात मी तीस वर्षं खांबच आहे,” काकू म्हणाल्या. “आज निदान वारा तरी लागतोय.”

“दादा,” मेहुणा म्हणाला, “खांब बसला तर चालेल?”

“खांब बसला की इमारत पडते. उभा राहा!”

“मग तुमच्या सासूबाई कशा खुर्चीवर बसल्यात?”

“तो जुना खांब आहे,” सासूबाईच म्हणाल्या. “त्याला हात लावू नका.”

समितीची तारीख तीनदा पुढे गेली. खांब घरी गेले, पण काका रोज सकाळी फक्की नव्याने मारत राहिले. दाराशी रखवालदार बसवला. लाकडी जमीन खराब होईल म्हणून तो सगळ्यांना मातीत बूट काढायला लावी. जागा आयती आखलेली पाहून खेळाडू येऊ लागले, जाळी बांधून सराव करू लागले. कुणी भिंतीतून ये-जा केली तर आतले ओरडत, “ए, दार दिसत नाही का?” वारा सुटला की काका वर बघून कळवळत, “आज छत डावीकडे गेलंय.”

शेवटी समिती आली. पुढे कुलसचिव. ते बोलत बोलत थेट भिंतीतून आत शिरले.

“साहेब, भिंत!” वीस-पंचवीस जण ओरडले.

कुलसचिव दचकून मागे सरले, कपाळ चोळलं, वळसा घालून दाराशी गेले, बूट काढले आणि आत आले. तासभर हिंडले. खिडक्यांच्या जागी मान वर करून “वा, काय उजेड आहे!” म्हणाले. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की आठवडाभर मी सर्व्हिस करू शकलो नाही.

“काका, अप्रतिम!” कुलसचिव म्हणाले. “खेळाडू खेळताहेत, दार आहे, रखवालदार आहे, शिस्त आहे. मग अडलंय कुठे?”

“साहेब, भिंती... भिंती बांधायच्यात अजून.”

“अहो, आत्ताच एकीवर आपटलो की मी!”

समिती हसली, आणि हसता हसता तिने ठराव केला: सरावाची सोय सुरू झालेली आहे; रोज फक्की मारण्याऐवजी रेघा पांढऱ्या ऑइलपेंटने पक्क्या कराव्यात. इमारतींच्या यादीत हॉलला एकेचाळीसावा क्रमांक मिळाला. छताच्या रकान्यात लिहिलं, ‘पुढील टप्प्यात’.

निवृत्तीच्या दिवशी काकांनी सगळ्या कुटुंबाला हॉलसमोर उभं करून फोटो काढून घेतला. फोटोत मोकळं मैदान आहे आणि अनवाणी आठ माणसं आहेत. नात काकांच्या कडेवर आहे. नाक कुणीच धरलेलं नाही.

पुढच्या वर्षी त्या जागेवर सायकल स्टँड झालं. नकाशा काकांचाच होता, जुना.