माही गाडी कशी हाय?

आमच्या दारात उभ्या असलेल्या आमच्या मोटारीला बशीरचाचा जाता-येता ‘माही गाडी’ म्हणायचे आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. सकाळची नमाज आटोपून गल्लीत शिरले की आधी मोटारीच्या मडगार्डावर थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि मग ओट्याकडे पाहून ओरडायचे, “काय सूनबाई, माही गाडी कशी हाय?” मी आतून म्हणायची, “तुमची कुठली हो? आमची गाडी बरी आहे.” त्यावर मान हलवायचे. “नाई सूनबाई. माही.” आणि चहा मात्र आमचा प्यायचे!

चिखलीच्या बाजारामागे त्यांची भट्टी होती. बैलगाडीच्या चाकांना धाव चढवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद करायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वरून बादल्यांनी पाणी मारायचं. लोखंड आकसतं आणि चाकाला असं आवळतं की चाक मोडेल पण धाव सुटायची नाही. “धाव बसली म्हंजे निका लागला,” असं चाचा म्हणत. माणसाच्या तोंडाकडे ते नंतर पाहायचे, आधी त्याच्या चाकांकडे. माझं लग्न झालं तेव्हा वरातीची बैलांची दमणी वेशीतून आत आली, तर सगळं गाव नवरी बघायला जमलेलं आणि हे खाली वाकून डावं चाक बघत होते. माझ्या सासऱ्यांचे ते जुने दोस्त. सासरे गेल्यावर आमच्या घरात मोठं माणूस म्हणजे तेच. बायको केव्हाच गेलेली, एक मुलगी होती ती पिंपळगाव राजाला दिलेली. त्यामुळे हक्कानं रागावायला त्यांना आम्हीच होतो.

ती मोटार म्हणजे एक ध्यानच होतं. कोण्या साहेबानं टाकून दिलेली जुनी मोटार ह्यांनी घेतली, मागची बैठक कापून काढली आणि तिथं सुताराकडून लाकडी हौदा बसवून घेतला. पुढून साहेब आणि मागून शेतकरी. तिच्यात कापूस भरायचा आणि अमडापूरवरून घाट उतरून खामगावला पोचवायचा, हा आमच्या ह्यांचा उद्योग. रस्ता म्हणजे नावालाच. दोन्हीकडून बाभळी अंगावर यायच्या, आणि दिवस कलला की रोह्यांचे कळप आडवे पळायचे. रोही म्हणजे घोड्याएवढं जनावर, आणि अक्कल शेळीएवढीसुद्धा नाही.

व्हायचं तेच झालं. एका रोह्यानं समोरून धडक दिली. ह्यांचं कपाळ फुटलं, मोटारीचं पाण्याचं रेडिएटर फुटलं. लढाईचे दिवस, नवं सामान नागपुरात मिळेना तर चिखलीत कुठून मिळणार? रेडिएटर डाग द्यायला कासाराकडे गेलं, मोटार बैल जुंपून घरी आणली, आणि हे डोक्याला फडकं बांधून खाटेवर. मी सरळ सांगितलं, “पुढं काहीतरी आडोसा लावल्याशिवाय ही मोटार या दारातून हलणार नाही. मला तुम्ही धड घरी यायला हवेत.” आणि ह्यांच्या ‘हो’ची वाट न पाहता चाचांच्या भट्टीवर जाऊन उभी राहिले.

चाचांनी आयुष्यात मोटारीला हात लावला नव्हता. पण तसं कबूल करतील तर ते चाचा कसले! मोटारीभोवती फेरी मारली, पुढं निघालेली सांगाड्याची दोन लोखंडी टोकं चाचपली आणि म्हणाले, “शिंगं तं हायेत. आता शेंब्या चढवतो.” बैलाच्या शिंगांवर पितळी टोप्या चढवाव्या तसं. जुन्या धावांच्या पट्ट्या ठोकून त्यांनी एक जाळी केली. तीन पट्ट्या उभ्या, दोन आडव्या, आणि बाजूला दोन जाड कड्या. हे खाटेवरून ओरडत होते, “चाचा, नटबोल्टानं बसवा हो, म्हंजे काढता येईन!” चाचांनी तिकडे लक्षच दिलं नाही. “काढाचं कायले? नटबोल्ट म्हंजे आज हाय, उद्या नाई.” मोटार बैलांनी ओढत भट्टीवर नेली, कड्या लाल केल्या, त्या दोन टोकांवर चढवल्या आणि मारलं पाणी. असा फुत्कार उठला की बैलांनी दावी तोडली. जाळी बसली. चार गड्यांनी लोंबकळून पाहिलं, तरी केसभर हलली नाही. चाचांचा चेहरा काय फुलला होता!

आठवड्यानं रेडिएटर आलं. हे उठले, आंघोळ करून मोटारीला नमस्कार केला, हँडल घेऊन पुढं गेले आणि तसेच उभे राहिले. त्या मोटारी पुढून हँडल घालून, गरागरा फिरवून चालू कराव्या लागत. हँडलचं भोक होतं बरोबर मधोमध. आणि त्याच्या बरोबर समोर, बोटभर अंतरावर, चाचांची मधली पट्टी.

मी कपाळावर हात मारला. सगळी गल्ली गोळा झाली. चाचांना बोलावणं गेलं. त्यांनी हँडल पाहिलं, भोक पाहिलं, पट्टी पाहिली, आणि उलट ह्यांच्यावरच डाफरले, “जनावराले कोणी तोंडाकून हाकते काय बे? बैल मांगून हाकाचा, अन् हे पुढून! आधी सांगाले काय झालं होतं?”

“बरं, आता मधली पट्टी तेवढी कापून टाका,” हे म्हणाले.

चाचांनी पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “बसलेली धाव कापत नसतात, नामदेव.”

मला वाटलं, म्हाताऱ्याचा तोरा. पण तो तोरा नव्हता. त्यांच्या धंद्यातला तो नेम होता. पाणी मारून बसवलेलं लोखंड गाडी मोडीत काढतानाच कापायचं. गाडीचा मालक जिता असताना, गाडी चालती असताना कापलं, तर ते मालकाला लागतं. चाचांच्या वडिलांनी एकदा कापलं होतं आणि तो गाडीवान त्याच साली गेला, असं ते सांगत. आणि एकानं बसवलेल्या धावेला दुसरा लोहार हात लावत नसे, त्यामुळे तोही मार्ग बंद. हे हसून म्हणाले, “अहो चाचा, निका लागला तरी तलाक असते ना?” चाचा म्हणाले, “असंन. माह्या भट्टीत नसते.” मीही हसले. पण मनात पाल चुकचुकलीच.

मग सुरू झालं ढकलणं. रोज सकाळी चाचा आमच्या दारात हजर. हौद्याला खांदा लावायचे, ‘बिस्मिल्ला’ म्हणायचे, बाजूचे गडी ‘बजरंगबली की’ म्हणायचे, आणि मीही पदर खोचून एका कोपऱ्याला हात लावायची. गल्लीच्या उतारावर मोटार खोकायची, शिंकायची आणि निघायची. खामगावला हमाल ढकलून देत. वाटेत हे मोटार बंदच करत नसत. एवढ्या वयाचा माणूस रोज धापा टाकतो हे बघून मला वाईट वाटायचं. “चाचा, तुम्ही कशाला येता? गडी आहेत की.” तर म्हणत, “चूक माही हाय ना? मंग खांदाबी माहाच.” जाळी मात्र पक्की निघाली हो. बाभळींचं काही चालेना, आणि एका रोह्यानं धडक दिली तर तोच लंगडत पळाला.

पण माझी भीती काही जाईना. जो आडोसा ह्यांना धड घरी आणायला लावला, त्याच्याच पायी हे घाटात अडकले तर? तिथं कोण ढकलणार? दिवेलागणीला मी हातातलं काम सोडून हॉर्न ऐकत बसायची.

आणि एक दिवस हॉर्न वाजलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अमडापूरकडून आलेल्या एका गाडीवानानं सांगितलं, “तुमची मोटार घाटाखाली नाल्यात बंद पडून हाय. दोन्हीकडून चढ, ढकलता येत नाई. अन् नामदेवभाऊले हिव भरलं. हौद्यात कापसावर कुडकुडून राह्यला. म्या म्हटलं चाल, तं म्हंते, लोकायचा माल सोडून कसा येऊ?” त्या नाल्यावर वाघ पाणी प्यायला येतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. मी धावत भट्टीवर गेले. ओरडलेच मी त्यांच्यावर, “चाचा, तुमची धाव घेऊन बसा आता! माझा माणूस तिकडे पडलाय!”

चाचांनी हातोडा आणि छिन्नी फडक्यात बांधली, दमणी जुंपायला लावली आणि निघून गेले.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. चूल पेटवली नाही. दुपार कलली तेव्हा लांबून हॉर्न वाजला, आणि माझ्या जिवात जीव आला. मोटार दारात आली. हे घोंगडी पांघरून चाक धरून बसलेले, तोंड पिवळं, पण ताप उतरलेला. शेजारी बशीरचाचा, जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसलेले. पुढची मधली पट्टी कापून दोन्हीकडे वाकवलेली होती, आणि भोकात हँडल तसंच लटकत होतं.

“कापली?” मी विचारलं.

“कापली,” चाचा खाली उतरत म्हणाले. “आता हे माही गाडी हाय. च्या टाक.”

मी चहा टाकला. रडत रडत टाकला, हेही सांगते. त्या दिवसापासून त्यांचं ते ‘माही गाडी’ सुरू झालं. मला वाटे, नेम मोडावा लागला त्याची भरपाई म्हणून म्हातारा मिरवून घेतोय. मिरवू दे. पण एका दसऱ्याला मात्र हद्द झाली. मी मोटारीला कुंकू लावत होते. शेजारीण म्हणाली, “छान सजवली गं तुमची गाडी.” मी म्हटलं, “आमची आहेच गुणाची.” चाचा ओट्यावर बसले होते, ते ताडकन उठले. “तुमची नाई! माही म्हण! सणासुदीच्या दिवशी काऊन तोंडातून असं काढतं?” एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मीही फणकाऱ्यानं आत निघून गेले. दोन दिवस चहाचं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ते आपले हजर, मडगार्डावर थाप मारून, “माही गाडी कशी हाय?”

पुढं लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, तरी आमचं सरकार नागपूरलाच होतं आणि आमची मोटारही तशीच खोकत धावत होती. एका हिवाळ्यात चाचांची छाती भरली. पिंपळगावहून मुलगी आली, मी रोज पेज नेऊन देत होते. शेवटी शेवटी बोलवत नव्हतं. एकदा डोळे उघडले आणि मला खुणेनंच विचारलं, गाडी? मी म्हटलं, “बरी आहे चाचा. तुमचीच आहे.” फार समाधानानं त्यांनी डोळे मिटले. मी आपली आजारी माणसाचं मन राखायला म्हणाले होते.

माती देऊन हे परत आले ते घरात आलेच नाहीत. मोटारीच्या पायरीवर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले तर लहान पोरासारखे रडत होते.

“तुला एक सांगायचं राहिलं,” म्हणाले. “त्यांनीच सांगू दिलं नाही. सूनबाई भेईन म्हणाले. त्या नाल्यात छिन्नी लावायच्या आधी त्यांनी माझ्या हातातून हँडल काढून घेतलं. म्हणाले, ‘म्हण, चाचा, गाडी तुमची.’ मी म्हटलं, हे काय भलतंच? तर म्हणाले, ‘म्हण बे! ज्याची गाडी त्याले लागते. तुह्या घरी सूनबाई वाट पाहून राह्यली. माही कोण पाह्यते?’ मी म्हटलं तसं. त्यांनी माझ्या हातावर हात मारला, बाजारात बैलाचा सौदा करतात तसा, आणि मग पट्टी कापली. पुढं कितीदा म्हटलं, चाचा, झालं ना, आता गाडी परत द्या. म्हणायचे, ‘राहू दे अजून. काय घाई हाय?’”

मी तांब्या पायरीवर ठेवला. धाव कापून कोणी मरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चाचांना तसं वाटत नव्हतं. त्यांना ते खरं वाटत होतं, आणि तरी त्यांनी ते अंगावर घेतलं, आणि रोज सकाळी दारात येऊन, अजून आपल्याच अंगावर आहे ना, एवढं पाहून जात होते. आणि मी चहासाठी रुसत होते.

पुढच्या दसऱ्याला मी मोटारीला झेंडूची माळ घातली, वाकलेल्या पट्टीला कुंकू लावलं. शेजारीण नेहमीप्रमाणे म्हणाली, “छान दिसते गं तुमची गाडी.”

“आमची नाही,” मी म्हटलं, आणि जरा मोठ्यानंच म्हटलं. “चाचांची आहे.”