हेमांगीची स्कूटर

धुळ्यात घर परवडेना, म्हणून दिपमालाने सोनगीरजवळच्या नव्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर घेतलं. शेजारची हेमांगीही तशीच आलेली. सहा वर्षं दोघी रोज सकाळी हायवेवर एसटीची वाट बघत उभ्या राहिल्या आणि धुळ्यातल्या एकाच दुकानात साड्यांच्या घड्या घालत राहिल्या.

मग हेमांगीने स्कूटर घेतली.

पहिल्याच दिवशी थांब्यावर थांबून तिने मागची सीट थोपटली. "बस ना मांगे, जागा शे."

"मला एसटीच बरी," दिपमालाने तोंड फिरवलं.

हेमांगी आता तिच्यानंतर घरातून निघायची आणि तिच्याआधी दुकानात पोचायची, तेही साडी न चुरगळता. मालक दलिचंदशेठ तिलाच म्हणायचे, "काउंटर तुम्ही सांभाळा." दिपमालाचा जीव जळायचा. ती स्कूटर पंक्चर व्हावी, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

महिनाभर तिने असंच रेटलं. एका सोमवारी मात्र तीन गाड्या खचाखच भरलेल्या, न थांबताच गेल्या. तेवढ्यात हेमांगी आली. या वेळी तिने काही विचारलं नाही, नुसती स्कूटर उभी केली. दिपमाला मागे बसली. वाटेतलं नगाव मागे पडलं.

"मला शिकवशील?" अखेर दिपमालाने विचारलं.

"रविवारी ये. मागच्या रिकाम्या प्लॉटांवर शिकवते."

रविवारी ती दोनदा पडली, गुडघा फुटला. हेमांगी हसली. ते हसू दिपमालाला फार सललं, पण तिने स्कूटर पुन्हा उभी केली.