टेपचं खोकं आणि डावाचा काठ

टेप बंद पडला, डॅशबोर्डमागे चटचट झालं आणि माझ्या धाकट्या भावाने लळिंगच्या घाटात ट्रक कडेला घेतला.

"अक्का, हाई बी गयं! बठ्ठं जळी गयं!"

हेही गेलं, सगळं जळालं, हे ऐकून आमच्या मध्ये बसलेल्या माझ्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. टेपला वीज देणारं खोकं तिने बनवलेलं. ते जळालं असतं तर धुळ्यातलं तिचं दुकान बंद, आणि एरंडोलच्या शाळेत तिच्या वडिलांनी ठरवून ठेवलेली कारकुनी सुरू. माझा भाऊ 'चालतं' म्हणाला की नाक्यावरचे ड्रायव्हर डोळे मिटून खोकं घेणार. 'गेलं' म्हणाला की कोणी दुकानाकडे फिरकणार नाही. म्हणून तर ही चाचणीची फेरी होती.

खोक्याचं काम एवढंच: ट्रकची वीज चोवीस व्होल्टची, टेप बारा व्होल्टचा. ड्रायव्हर लोक दोन बॅटऱ्यांच्या मधूनच वायर काढत. गाणी वाजत, पण एक बॅटरी उपाशी राही आणि दुसरीला अजीर्ण होई.

मुलीच्या पहिल्या खोक्याने मामाचा टेप जाळला होता. दुसरं करताना मी तिला तारेची गुंडाळी करून देत होते. मी चौथी शिकलेली, पण कशासाठी ते कळल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. तिने मला पंगतीचं उदाहरण देऊन समजावलं.

"आई, खोकं म्हणजे भाजी वाढणारा. बॅटरी पातेलं, टेप ताट, आणि ही गुंडाळी म्हणजे डाव. बटण चालू झालं की डाव पातेल्यात बुडतो, बंद झालं की ताटात रिकामा होतो. पहिलं खोकं फक्त ताटाकडे बघायचं. इंजिन जोरात फिरलं, पातेलं उफाळलं, की ताट सांडल्यावर त्याला कळायचं. नवं खोकं प्रत्येक वेळी डावाकडे बघतं. गुंडाळीतला प्रवाह खुणेपर्यंत चढला की बटण बंद. पातेलं उफाळलं तर डाव लवकर भरतो, लवकर उचलला जातो. ताटाकडे बघणारा वेगळा. तो फक्त खूण वर-खाली करतो."

"मग ही शिट्टी का वाजते?" मी विचारलं. बॅटरी उतरली की गुंडाळी बारीक किंचाळायची.

"पातेलं खाली गेलं की डाव भरायला वेळ लागतो. तो निम्म्याहून जास्त वेळ पातेल्यात राहिला की त्याची लय बिघडते. एक काठोकाठ, पुढचा अर्धा." त्यावर तिने उपाय केला. डाव जितका वेळ पातेल्यात राहील, तितकी त्याची खूण खाली सरकत जाईल असं केलं. शिट्टी थांबली.

आणि आता घाटात हे.

भाऊ वायरी उपटायला निघाला. मी त्याचा हात धरला. "थांब. आधी वास घे."

वास नव्हता. मी खोक्याला हात लावला. गरम होतं, पण भाकरीइतकंही नाही.

मुलगी डॅशबोर्डखाली वाकली आणि हसत सुटली. "मामा, हा स्क्रू कोणी ठोकला?"

"मी. शनिवारी. लिंबू-मिरची टांगायला. टेपला नजर लागते ना!"

स्क्रू पत्र्यातून आरपार टेपच्या वायरीत घुसला होता आणि घाटातल्या धक्क्यांनी आज आतल्या तारेला टेकला होता. खोक्यातून येणारी सगळी वीज ट्रकच्या अंगात जात होती.

"मग खोकं जळालं कसं नाही?" भावाने विचारलं.

"ताटाला भोक पडलं की ताटाकडे बघणारा 'वाढ, वाढ' ओरडतो," मी सांगितलं. "पण डावाला काठ असतो, खूण त्याच्या वर जात नाही. काठापेक्षा जास्त येणार कुठून?"

"अक्का, तू कधीपासून इंजिनियर?"

"तू ड्रायव्हर झालास तेव्हापासून. पेचकस दे."

स्क्रू काढला, वायरीला चिकटपट्टी मारली. टेप गाण्याच्या ज्या ओळीवर थांबला होता, तिथूनच पुढे गायला लागला. भावाने लिंबू-मिरची आरशाला बांधली आणि धुळ्याच्या नाक्यावर पोचेपर्यंत आवाज मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. कारकुनीला दुसरी कोणीतरी गेली.

त्या घाटातून टेप, खोकं, दुकान आणि आम्ही तिघं धडधाकट बाहेर आलो.